सोशल सिक्युरिटी घ्यायची आणि आयकरातून मात्र बाहेर पडायचे, हे अमेरिकी कायद्यात बसते का?

उंबरठा (प्रश्न)

नमस्कार. आम्ही दोघे न्यू जर्सीत राहतो आणि दोघेही अमेरिकेचे नागरिक आहोत. माझे पती ६८ वर्षांचे आहेत, मी ६६ वर्षांची आहे. त्यांना वर्षाला सुमारे ३०,००० डॉलर आणि मला सुमारे १६,००० डॉलर सोशल सिक्युरिटी, म्हणजे सरकारी निवृत्तिलाभ, मिळते. त्याशिवाय त्यांच्या आयआरए या निवृत्ती-बचत खात्यातून आम्ही दर वर्षी ३०,००० डॉलर काढतो. दुसरे उत्पन्न नाही, आणि आजवर आम्ही नेहमी संयुक्त विवरणपत्र भरत आलो आहोत.

माझे मोठे दीर गेल्या काही वर्षांपासून एका गटाच्या बैठकांना जात आहेत. तिथे असे सांगितले जाते की आयकर भरणे मुळात ऐच्छिक आहे, पहिल्यांदा फॉर्म १०४० या आयकर विवरणपत्रावर सही केली तेव्हा आपण नकळत करदाता होण्याची निवड केली, आणि नोटरीसमोर सही केलेले एक पत्र आयआरएसला (अमेरिकेच्या आयकर खात्याला) पाठवले की ती निवड रद्द होते. या पत्राचा मसुदा तो गट भरपूर पैसे घेऊन विकतो. भाऊजींनी असे पत्र पाठवल्याला तीन वर्षे होत आली आणि तेव्हापासून त्यांनी विवरणपत्र भरलेले नाही. ते अजूनही सल्लागार म्हणून काम करतात आणि त्याचे पैसे त्यांना मिळतात. सोशल सिक्युरिटीही दर महिन्याला न चुकता खात्यात जमा होते आहे, आणि पत्र लागू पडल्याचा पुरावा म्हणून ते हीच गोष्ट दाखवतात. "सोशल सिक्युरिटी म्हणजे माझ्याच पगारातून कापलेले पैसे. ते मी परत घेतो आहे, त्याचा कराशी काय संबंध?" असे त्यांचे म्हणणे आहे.

आता त्यांनी माझ्या पतींनाही तेच पत्र पाठवण्याचा आग्रह धरला आहे, आणि पतींचे मन निम्मे वळले आहे. घरात मोठ्या भावाचा शब्द मोडण्याची पद्धत नाही, त्यामुळे मला भावनेपेक्षा कायद्याच्या आधाराने बोलायचे आहे. निवृत्तिलाभ चालू ठेवून करातून बाहेर पडण्याची काही वाट खरोखर आहे का? आणि नसेल, तर भाऊजींना इतकी वर्षे कोणी काहीच कसे विचारले नाही?

जमाखर्च

मी इथे इतरांची विवरणपत्रे भरून देण्याचे काम बरीच वर्षे केले आहे, आणि अशी पत्रे पाठवलेली माणसे पाहिली आहेत. तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण सगळा भ्रम तिथूनच निर्माण होतो.

कोणी विचारले नाही याचे कारण आयआरएस संथ आहे, एवढेच. विवरणपत्र भरले असेल तर साधारणपणे तीन वर्षांत त्याची तपासणी करून कर आकारण्याचे बंधन खात्यावर असते, पण विवरणपत्र भरलेच नसेल तर ही मुदत सुरूच होत नाही. म्हणजे आज शांतता आहे म्हणून ते वर्ष निकालात निघाले असे होत नाही. भाऊजींच्या सोशल सिक्युरिटीची रक्कम एसएसए-१०९९ या फॉर्मवर दर वर्षी आयआरएसकडे जाते. ज्यांच्यासाठी ते सल्लागाराचे काम करतात त्या कंपन्याही १०९९-एनईसी हा दिलेल्या मोबदल्याचा फॉर्म पाठवत असणार. हे आकडे जुळवून खाते त्यांच्या वतीने स्वतःच एक विवरणपत्र तयार करू शकते, आणि त्यात खर्चाच्या वजावटी धरण्याचा उत्साह कोणी दाखवत नाही. त्यानंतर विवरणपत्र न भरल्याचा दंड लागतो, तो दरमहा थकीत कराच्या ५ टक्के आणि जास्तीत जास्त २५ टक्के. कर न भरल्याचा दंड आणि व्याज वेगळे.

वसुलीची वेळ आली की ज्या सोशल सिक्युरिटीला ते पुरावा मानतात, तिच्यावरच पहिली टाच येते. १९९७ च्या कायद्यापासून आयआरएसला थकीत करापोटी दर महिन्याच्या सोशल सिक्युरिटीतून १५ टक्क्यांपर्यंत रक्कम आपोआप वळती करून घेता येते. त्यासाठी न्यायालयात जावे लागत नाही. आधी सीपी-९१ किंवा सीपी-२९८ या क्रमांकाची शेवटची नोटीस येते आणि मग कपात सुरू होते. महिन्याला २,६०० डॉलर मिळत असतील तर ३९० डॉलर तिथल्या तिथे कमी जमा होतात. थकबाकी फिटेपर्यंत किंवा वसुलीची मुदत संपेपर्यंत हे चालू राहते.

आता त्या पत्राविषयी. हे गट बहुधा आयकर कायद्याच्या कलम ६०१३(जी) चा आधार देतात. त्या कलमात निवड आहे, पण ती वेगळीच आहे. पती-पत्नींपैकी एक जण अनिवासी परदेशी असेल, तर त्याला करापुरते निवासी मानून दोघांनी संयुक्त विवरणपत्र भरण्याची ती निवड आहे. भारतातून नव्याने आलेल्या अनेक जोडप्यांनी ही किंवा हिच्या शेजारची तरतूद वापरलेली असते, म्हणून ऐकणाऱ्याला ती ओळखीची वाटते आणि पटतेही. अमेरिकेच्या नागरिकावर कर लागतो तो तो नागरिक आहे म्हणून, त्याने कुठल्या कागदावर सही केली म्हणून नव्हे. त्यामुळे रद्द करण्यासारखी निवड त्याने केलेलीच नसते. याच धर्तीचा दुसरा एक युक्तिवाद, कलम ८६१ चा (फक्त परदेशातून मिळालेले उत्पन्नच करपात्र असते असे सांगणारा), अभिनेता वेस्ली स्नाइप्स याने केला होता. तीन वर्षांची विवरणपत्रे जाणूनबुजून न भरल्याबद्दल २००८ मध्ये त्याला तीन वर्षांची शिक्षा झाली.

शिवाय तुमच्या दिरांच्या बाबतीत एक नुकसान असे आहे की ते त्यांना कोणी सांगितले नसेल. सोशल सिक्युरिटीचा हिशेब सर्वाधिक कमाईच्या ३५ वर्षांवर होतो. आपल्याकडून चाळिशीच्या आसपास इथे आलेल्या माणसाची ३५ वर्षे भरतच नाहीत, आणि उरलेल्या वर्षांच्या जागी शून्य धरले जाते. निवृत्तिलाभ सुरू झाल्यावरही कमाई चालू असेल तर दर वर्षी हिशेब पुन्हा होतो आणि एखाद्या शून्याची जागा ती कमाई घेते, त्यामुळे महिन्याची रक्कम वाढते. पण स्वयंरोजगाराची कमाई सोशल सिक्युरिटीच्या नोंदीत जाते ती विवरणपत्रामार्फतच, आणि त्यासाठी ते वर्ष संपल्यापासून ३ वर्षे, ३ महिने आणि १५ दिवसांची मुदत असते. ती उलटली की त्या वर्षाच्या जागी शून्यच राहते. पत्राला तीन वर्षे होत आली असे तुम्ही लिहिले आहे, म्हणजे पहिल्या वर्षाची ही मुदत बहुधा फार दूर नाही.

तळटीप

वरील उत्तराला कायद्याच्या इतिहासाची थोडी जोड देतो, कारण "पैसे माझेच आहेत" हा मुद्दा सर्वोच्च न्यायालयात प्रत्यक्ष जाऊन आलेला आहे.

१९३५ चा सोशल सिक्युरिटी कायदा लिहितानाच कर आणि लाभ ही दोन वेगळी प्रकरणे ठेवली होती. कर सरकारच्या तिजोरीत जातो आणि लाभ काँग्रेसने (अमेरिकी संसदेने) ठरवलेल्या नियमांनी दिला जातो. १९३७ मध्ये 'हेल्वरिंग विरुद्ध डेव्हिस' या खटल्यात न्यायालयाने ही रचना घटनात्मक ठरवली. पुढे १९६० मध्ये 'फ्लेमिंग विरुद्ध नेस्टर' हा निकाल आला. नेस्टर हे बल्गेरियातून आलेले गृहस्थ. त्यांनी वर्षानुवर्षे हा कर भरला होता, पण १९३० च्या दशकात ते कम्युनिस्ट पक्षाचे सदस्य होते या कारणावरून १९५६ मध्ये त्यांना देशाबाहेर घालवण्यात आले आणि त्यांचा लाभ थांबवला गेला. न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितले की सोशल सिक्युरिटी ही बँकेतल्या ठेवीसारखी मालमत्ता नाही, आणि कर भरला म्हणून लाभावर कंत्राटी हक्क निर्माण होत नाही. निकाल कठोर आहे आणि माझ्या मते नेस्टर यांच्यावर अन्यायही झाला, पण तो आजही कायम आहे. भाऊजींचा संपूर्ण युक्तिवाद ज्या पायावर उभा आहे, तो पायाच या निकालाने काढून घेतला आहे.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असेच आहे. बाहेर पडण्याची एक अधिकृत वाट अस्तित्वात आहे, पण ती लाभ सोडणाऱ्यांसाठी आहे. आमिश आणि त्यांच्यासारख्या काही धार्मिक पंथांसाठी १९६५ मध्ये, म्हणजे मेडिकेअर हा वृद्धांचा सरकारी आरोग्यविमा आला त्याच कायद्यात, सूट दिली गेली. तिच्यासाठी फॉर्म ४०२९ भरावा लागतो. अर्जदाराचा पंथ ३१ डिसेंबर १९५० पासून अखंड अस्तित्वात असावा लागतो, सरकारी आणि खाजगी अशा दोन्ही प्रकारच्या विम्याला त्या पंथाचा धर्मश्रद्धेने विरोध असावा लागतो, आणि आपल्या गरजू माणसांना तो पंथ स्वतः सांभाळत आलेला असावा लागतो. सर्वांत महत्त्वाची अट अशी की अर्जदाराने सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर यांच्या सर्व लाभांवर पाणी सोडावे लागते. ज्याने एकदा लाभ घेतला आहे त्याला हा अर्ज सहसा करताच येत नाही. आणि एवढे करून सूट मिळते ती फक्त सोशल सिक्युरिटी व मेडिकेअरच्या करांतून. आयकर आमिश शेतकऱ्यालाही भरावा लागतो.

या सूटीच्या मर्यादेवरही खटला झाला आहे. ली नावाचे आमिश सुतार होते. त्यांच्याकडे काही आमिश कामगार होते आणि त्यांच्या वतीने कर भरण्यास ली यांनी धर्माच्या आधारे नकार दिला. १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने त्यांच्या विरुद्ध निकाल दिला. त्यांची श्रद्धा प्रामाणिक आहे हे न्यायालयाने मान्य केले, परंतु प्रत्येकाच्या श्रद्धेप्रमाणे कर माफ करू लागल्यास करव्यवस्था चालणार नाही, असे म्हटले. नोकरदार आमिशांना ही सूट १९८८ मध्ये मिळाली, तीही मालक आणि कामगार दोघेही त्या श्रद्धेचे असतील तरच. ज्यांना लाभ नकोच आहे त्यांच्या बाबतीत कायदा इतका चिकित्सक असेल, तर लाभ घेऊन कर नाकारणाऱ्याला तो किती जागा देईल याचा अंदाज आपण करू शकता.

त्या बैठकीत 'चीक विरुद्ध युनायटेड स्टेट्स' या १९९१ च्या निकालाचा उल्लेख नक्की होत असेल. चीक हे विमानाचे वैमानिक होते. कायद्याविषयी खरोखर गैरसमज असेल, मग तो कितीही अवास्तव असो, तर जाणूनबुजून केलेला गुन्हा सिद्ध होत नाही, असे न्यायालयाने म्हटले आणि खटला परत पाठवला. बैठकीत गोष्ट इथेच थांबवतात. त्याच निकालात असेही म्हटले आहे की कायदा घटनाबाह्य आहे अशी समजूत हा बचाव होऊ शकत नाही. फेरखटल्यात चीक दोषी ठरले, आणि कर भरण्यातून तर त्यांची सुटका कधीच झाली नव्हती.

तिरपी रेघ

दोन्ही उत्तरे बरोबर आहेत, पण लोक अशा बैठकांकडे वळतात त्यामागे एक खरे गाऱ्हाणे आहे, आणि ते मान्य केल्याशिवाय तुमचे दीर तुमचे ऐकून घेणार नाहीत असे मला वाटते.

अर्थखात्याच्या १९३८ आणि १९४१ च्या निर्णयांमुळे सोशल सिक्युरिटीवर अनेक दशके आयकर नव्हता. १९८३ च्या दुरुस्तीने तो आणला आणि १९८४ पासून जास्तीत जास्त निम्मी रक्कम करपात्र झाली. १९९३ मध्ये ही मर्यादा ८५ टक्क्यांपर्यंत नेली. इतर उत्पन्न आणि निम्मी सोशल सिक्युरिटी मिळून एकट्या व्यक्तीसाठी २५,००० आणि जोडप्यासाठी ३२,००० डॉलरच्या पुढे गेले की हा कर सुरू होतो; हा पहिला उंबरठा १९८३ मध्येच ठरला, आणि महागाई कुठल्या कुठे गेली तरी तो आजपर्यंत एका डॉलरने हललेला नाही. दुसरा, ८५ टक्क्यांसाठीचा उंबरठा ३४,००० आणि ४४,००० डॉलरचा आहे, तोही तसाच. सुरुवातीला हा कर सुखवस्तू निवृत्तांपुरता होता, तो आता मध्यमवर्गीयांच्या घरात शिरला आहे, आणि कोणताही कायदा न बदलता शिरला आहे. मला हे अप्रामाणिकपणाचे वाटते. २०२५ मध्ये हा कर रद्द झाल्याची जी चर्चा झाली तीही खरी नव्हती. त्या वर्षीच्या कायद्याने ६५ किंवा त्याहून जास्त वयाच्या, पण उत्पन्न ठरावीक मर्यादेत असलेल्या व्यक्तीला २०२५ ते २०२८ या चार वर्षांपुरती ६,००० डॉलरची जादा वजावट दिली, पण सोशल सिक्युरिटीवरचा कर जागच्या जागी आहे.

राग असावा, पण तो कायद्याने मोकळ्या ठेवलेल्या जागांमध्ये वापरावा. रॉथ खात्यातून (कर भरून झालेल्या पैशांच्या निवृत्ती-बचत खात्यातून) नियमाप्रमाणे काढलेली रक्कम या उंबरठ्याच्या हिशेबात धरली जात नाही. साडेसत्तर वर्षे पूर्ण झाल्यावर आयआरएमधून थेट धर्मादाय संस्थेला दिलेली रक्कमही धरली जात नाही. म्युनिसिपल रोख्यांच्या व्याजाला एरवी केंद्राचा कर नाही, पण या हिशेबात मात्र ते येते, आणि इथे बरेच जण फसतात. भारतात जाऊन राहिलो की सुटलो, असेही काहींना वाटते. नागरिक पुण्यात राहिला तरी त्याला अमेरिकेचे विवरणपत्र भरावेच लागते. ग्रीन कार्ड परत करून गेलेल्या अनिवासी माणसाच्या सोशल सिक्युरिटीतून सर्वसाधारणपणे ८५ टक्के रकमेवर ३० टक्के, म्हणजे २५.५ टक्के, आधीच कापून घेतले जातात. भारताशी असलेल्या करारात त्यातून जी सूट आहे ती सरकारी नोकरीबद्दलच्या लाभापुरती आहे.

उंबरठा

आपणा सर्वांचे मनापासून आभार. नेस्टर यांचा निकाल मी पतींना वाचून दाखवला आणि ते बराच वेळ काही बोलले नाहीत. तरीही मोठ्या भावाला दुखवायचे नाही म्हणून निदान या वर्षी आपण काही भरू नये, पुढे पाहू, असे ते म्हणत आहेत. त्यांनी ऐकले नाही तर मी माझे विवरणपत्र स्वतंत्र भरावे का? त्यात माझे किती नुकसान होईल?

जमाखर्च

स्वतंत्र भरता येईल, आणि ते भरलेत तर त्यांच्या कराची जबाबदारी तुमच्यावर येणार नाही. संयुक्त विवरणपत्रात दोघेही संपूर्ण कराला जबाबदार असतात. परंतु तो निर्णय घेण्यापूर्वी तुमचेच आकडे मांडून पाहू. हे सगळे २०२५ च्या करवर्षाचे आहेत.

संयुक्त विवरणपत्रात उंबरठ्यासाठी धरायचे उत्पन्न म्हणजे आयआरएचे ३०,००० आणि दोघांच्या ४६,००० सोशल सिक्युरिटीचा निम्मा भाग २३,०००, असे ५३,००० डॉलर. यावरून सोशल सिक्युरिटीतले १३,६५० डॉलर करपात्र ठरतात आणि एकूण उत्पन्न ४३,६५० डॉलर होते. तुमची प्रमाणित वजावट ३१,५०० डॉलर, दोघांच्या वयाबद्दल आणखी ३,२००, आणि वर उल्लेख झालेली नवी वजावट दोघांची मिळून १२,०००. बेरीज ४६,७०० डॉलर. वजावट उत्पन्नापेक्षा जास्त आहे, त्यामुळे केंद्राचा आयकर शून्य. न्यू जर्सी राज्य सोशल सिक्युरिटीवर कर लावतच नाही.

आता स्वतंत्र विवरणपत्रे. वर्षभरात एकत्र राहिलेल्या पती-पत्नींनी वेगवेगळे भरले तर तो उंबरठा शून्यावर येतो, म्हणजे इतर उत्पन्न आणि निम्मी सोशल सिक्युरिटी यांच्या बेरजेचे ८५ टक्के, पण जास्तीत जास्त सोशल सिक्युरिटीच्या ८५ टक्के, करपात्र होतात. विवाहितांना ६,००० डॉलरची नवी वजावट संयुक्त विवरणपत्रातच मिळते, त्यामुळे तीही जाते. तुमच्या १६,००० पैकी ६,८०० करपात्र होतील, पण तुमची वजावट १७,३५० डॉलर असल्यामुळे तुम्हाला तरीही कर नाही. पतींचे मात्र २५,५०० आणि ३०,००० मिळून ५५,५०० डॉलर होतील. त्यातून १७,३५० वजा जाता ३८,१५० उरतात, आणि त्यावर सुमारे ४,३४० डॉलर कर बसतो. त्यांनी विवरणपत्र भरलेच नाही, तर या रकमेवर दंड आणि व्याज चढत राहील. शून्य उत्पन्न दाखवून किंवा त्या गटाचा युक्तिवाद लिहून विवरणपत्र पाठवले, तर निव्वळ त्याबद्दल ५,००० डॉलरचा वेगळा दंड आहे. जो कर आज त्यांना लागतच नाही, त्यातून मुक्त होण्यासाठी ते हा खर्च करणार आहेत. हा कागद त्यांच्यापुढे ठेवा. भावाचा मान राखण्याचा प्रश्न मग बहुधा वेगळ्या रीतीने सोडवता येईल.

राहता राहिले भाऊजी. त्यांना माझ्यासारख्या विवरणपत्र भरणाऱ्याकडे पाठवू नका. आधी करविषयक खटले चालवणाऱ्या वकिलाकडे पाठवा, कारण फौजदारी चौकशी झालीच तर वकिलाशी झालेले बोलणे गोपनीय राहते, आमच्याशी झालेले राहत नाही. आयआरएस सामान्यतः मागच्या सहा वर्षांपर्यंतची विवरणपत्रे मागते, त्यांची तर त्याहून कमीच बाकी आहेत. कर एकरकमी भरता येत नसेल तर हप्ते बांधून मिळतात, आणि पुढच्यासाठी डब्ल्यू-४व्ही हा फॉर्म भरून सोशल सिक्युरिटीतूनच ७, १०, १२ किंवा २२ टक्के कर कापून घेण्याची सोय आहे. कराची थकबाकी ठरावीक मर्यादेपलीकडे गेली, आणि ही मर्यादा २०२५ साली ६४,००० डॉलर होती, तर पासपोर्टचे नूतनीकरण अडू शकते. दर हिवाळ्यात भारतात जाणाऱ्या माणसाला ही गोष्ट नेस्टरच्या निकालापेक्षा लवकर समजते, असा माझा अनुभव आहे. त्यांच्याकडे आलेली खात्याची सगळी पाकिटे, उघडलेली आणि न उघडलेली, वकिलाकडे घेऊन जायला सांगा. त्यात सीपी-९१ किंवा सीपी-२९८ असेल तर त्यावरील तारखेपासून उत्तर द्यायला फक्त ३० दिवस असतात.